परसदारची प्राणिसृष्टी, लेखांक सातवा : आमिष दाखवून घेतलेली जबानी

गेल्या लेखांकात पाऊलखुणा, अर्धवट खाऊन टाकलेली फळे आणि विष्ठेतील बिया ह्यांवरून रात्री परसात येऊन गेलेल्या जनावराची ओळख कशी पटवावी, ह्याचा विचार केला. ह्या साऱ्या खुणा म्हणजे घटना घडून गेल्यानंतरचा पंचनामा होय. ती घडताना पाहणारा साक्षीदार मिळणे ही निराळीच गोष्ट. असा साक्षीदार अलीकडे ट्रेल कॅमेऱ्याच्या रूपाने बाजारात सुलभ झाला असून, कोकणातील आंब्या-काजूच्या बागायतदारापासून पुण्याच्या टेकडीलगत घर बांधून राहिलेल्या निवृत्त गृहस्थापर्यंत पुष्कळांनी तो आणून झाडाला बांधलाही आहे. तो बांधून चार रात्री गेल्या आणि कार्डावर वाऱ्याने हललेल्या केळीच्या पानांवाचून दुसरे काही उमटले नाही, की बहुतेकांच्या मनात एकच तोडगा येतो : समोर काहीतरी खायला ठेवावे. आमिष ठेवल्याने अधिक जनावरे येतात ह्याविषयी वाद नाही. परंतु अशा रीतीने बोलावून आणलेल्या जनावराने जी जबानी दिली तिच्यावर कितपत इतबार ठेवावा आणि तिची किंमत अखेर कोणाला मोजावी लागते, ह्याची चर्चा सहसा कोणी करीत नाही. ती आज करावयाची आहे.

तत्पूर्वी ह्या यंत्राचा स्वभाव समजून घेणे अवश्य आहे, कारण त्याच्याविषयीच्या निम्म्या तक्रारी त्याच्याकडून नसत्या अपेक्षा केल्यामुळे उद्भवतात. ट्रेल कॅमेरा रात्रभर पाहत बसतो ही समजूत खरी नव्हे. तो झोपलेला असतो. जागा असतो तो त्याच्या दर्शनी भागावरील एक लहानसा संवेदक, आणि त्यालाही दिसत काही नाही, केवळ उष्णता जाणवते. प्रत्येक पदार्थातून त्याच्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर पडत असतात. संवेदकापुढे बसवलेल्या खाचाखाचांच्या पातळ भिंगामुळे समोरचा प्रदेश अनेक पट्ट्यांत विभागला जातो, आणि भोवतालापेक्षा ऊबदार असे काही एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकले, म्हणजेच शेजारच्या पट्ट्यांतील उष्णतेत अकस्मात तफावत पडली, तरच छायाचित्र घेण्याचा हुकूम सुटतो. ह्या एका तत्त्वातून पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. कॅमेऱ्यासमोरून आडवे जाणारे जनावर अनेक पट्टे ओलांडत असल्यामुळे चटकन हेरले जाते. तेच समोरून नाकासमोर चालत आले तर बराच वेळ एकाच पट्ट्यात राहते आणि कॅमेऱ्याला जाग येईपर्यंत अगदी जवळ येऊन ठेपलेले असते. वैशाखातील दुपारी परसातील माती आणि दगड स्वतःच सस्तन प्राण्याच्या अंगाइतके तापलेले असतात, तेव्हा भर उन्हात फिरणारे मुंगूस समोरून जाऊनही नोंदीत येत नाही. घोरपडीच्या अंगाची ऊब भोवतालच्या उबेइतकीच असल्यामुळे ती तर ह्या पहाऱ्यातून बहुधा बिनदिक्कत निसटते. उलटपक्षी, उन्हात तापलेली फांदी वाऱ्याने डोलू लागली की यंत्र भ्रमित होऊन शेकडो निरर्थक चित्रे काढत बसते. तात्पर्य, कॅमेऱ्यात दिसले नाही म्हणून परसात नाही, असा निष्कर्ष काढण्याची मुभा हे यंत्र आपल्याला देत नाही.

रात्रीच्या प्रकाशाचीही दोन घराणी आहेत. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त दिवे दूरवर पोहोचतात, पण चित्र घेताना कॅमेऱ्याच्या तोंडावर मंद तांबूस ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिवे माणसाला दिसत नाहीत, पण त्यांची पोच कमी. चोरांचीही भीती असलेल्या ठिकाणी दुसरा प्रकार बरा. दोहोंतही रात्रीचे चित्र कृष्णधवल येते, आणि निशाचरांच्या डोळ्यांतील प्रकाश परतवणाऱ्या पडद्यामुळे त्यांचे डोळे पांढरे लखलखतात. त्या लखलखाटाने दचकून परसातल्या साध्या बोक्याची छबी वाघराची म्हणून गावभर दाखवीत फिरणारे महाभाग सापडत नाहीत असे नाही.

आमिष आणि आपोआप चालणारा कॅमेरा ह्यांची सांगड जन्मापासूनची आहे. अमेरिकेतील जॉर्ज शिरास ह्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मिशिगनच्या सरोवरांच्या परिसरात, कॅमेऱ्याच्या झडपेला दोरी बांधून तिच्या टोकाशी भक्ष्य अडकवण्याची युक्ती वापरली. जनावराने भक्ष्य ओढले की झगझगीत प्रकाश पडे आणि ते स्वतःचे चित्र स्वतःच काढून घेई. त्याची ७४ छायाचित्रे जुलै १९०६ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये प्रसिद्ध झाली आणि रात्रीचे रान प्रथमच सामान्य वाचकाच्या घरात आले. आपल्याकडे संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन ह्याने १९२० च्या दशकात वाघाच्या चित्रांसाठी निराळा मार्ग चोखाळला. वाघ कोणत्या वाटेने नित्य येतो-जातो ह्याचा माग काढायचा, त्या वाटेवर आडवी तार ताणायची, आणि वाघाने आपल्या कामासाठी जाताना सहज तिला पाय लावावा ह्याची वाट पाहायची, अशी त्याची प्रमुख रीत होती. 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे त्याचे पुस्तक १९२७ साली निघाले. शिरासचे जनावर निमंत्रित पाहुणे होते. चँपियनचा वाघ आपल्या घरात आपल्या तंद्रीत चाललेला होता. पुढील शंभर वर्षांतील ह्या विद्येचा इतिहास ह्या दोन रीतींमध्ये विभागला गेला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हिंदुस्थानातील व्याघ्रगणनेने चँपियनची वाट उचलली. उल्हास कारंथ ह्यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे कॅमेऱ्याने टिपलेल्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधण्याची पद्धत १९९५ साली मांडली. दोन्ही कुशींवरील पट्टे भिन्न असल्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधणे तीत आवश्यक ठरते. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३,४८,५८,६२३ छायाचित्रे जमली. त्यांत वाघाची होती ७६,६५१ आणि बिबट्याची ५१,७७७. म्हणजे एवढ्या प्रचंड दप्तरात वाघाचा हिस्सा पाव टक्काही भरत नाही. चार रात्रींत कंटाळून केळ्याचा घड टांगायला निघालेल्या वाचकाने हा हिशेब ध्यानात ठेवावा.

आता आमिषाने साक्ष कशी बिघडते ते पाहू. कोकणातील परसात सर्वात सहज येणारे निशाचर म्हणजे उदमांजर. हे फळांवर जगणारे, झाडावर सफाईने चढणारे, आणि कौलारू घराच्या माळ्यावर दिवसभर झोपा काढणारे जनावर आहे. भेरली माडाची फळे, काजूची बोंडे, चिकू, बरका फणस हा त्याचा आहार, आणि त्याने खाल्लेल्या फळांच्या बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडून रुजतात. रोज सायंकाळी कॅमेऱ्यासमोर दोन पिकली केळी ठेवू लागले की थोड्याच दिवसांत ते न चुकता हजेरी लावू लागते. पाहणाऱ्याला वाटते, आपल्याला ह्या प्राण्याची दिनचर्या कळली. वस्तुतः कळलेली असते ती केळी ठेवण्याच्या आपल्याच वेळेची प्रतिक्रिया. एरवी ज्याने रात्री अमक्या झाडाखालून तमक्या झाडाखाली अशी लांबलचक फेरी मारली असती, बिया त्या फेरीत विखुरल्या असत्या, ते आता अंधार पडताच गडग्यावर येऊन वाट पाहत बसते. स्वभावाने एकटे राहणारे हे प्राणी आमिषापाशी दोघे-तिघे एकत्र येतात, आणि त्यांची ती नाइलाजाची, दात विचकण्याच्या सीमेवरील जवळीक चित्रात कुटुंबवात्सल्य भासते. एका ओळखीच्या बागायतदाराने अशी केळी मांडलेली पाहून त्याच्या जुन्या गड्याने विचारले होते, "भाऊ, चोर पकडायला हे यंत्र लावलंत, की चोराला जेवायला बोलावलंत?" प्रश्नात थट्टा होती, पण पद्धतिशास्त्राचा एवढा नेमका आक्षेप थोड्याच पंडितांना सुचला असता.

आमिष बदलले की साक्षीदारही बदलतात. केळ्यावर उदमांजर आणि उंदीर येतील. सुकट किंवा अंडे ठेवले तर जवादी मांजर, रानमांजर, मुंगूस, घूस आणि शेजारचा बोका ह्यांची रीघ लागेल. सशाला सुकट काय किंवा अंडे काय, दोन्ही सारखीच. म्हणजे हाती येणारी यादी परसातील प्राण्यांची नसून आपल्या ताटलीच्या चाहत्यांची असते. चाळीस चित्रे मिळाली म्हणून चाळीस प्राणी झाले असे नव्हे, हे सांगावयास नकोच. अभ्यासकांत असा प्रघात आहे की एकाच जातीच्या दोन चित्रांत निदान अर्धा तास लोटला असेल तरच त्यांना दोन स्वतंत्र नोंदी मानावे. आमिषापाशी मात्र तेच जनावर तासातासाने परतत असल्यामुळे हा जाबताही लटका पडतो. आणि बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांसारखी व्यक्ती ओळखण्याची सोय उदमांजरात सहसा नसल्याने, आलेले एकच होते की चार, ह्याची खातरजमा करण्याचा मार्ग उरत नाही.

एवढ्यावर प्रकरण मिटते तर तो केवळ हौशी निरीक्षकाच्या नोंदवहीतील दोष ठरला असता. पण खाद्याचा वास उदमांजरापुरता मर्यादित राहत नाही. सुकट, अंडी, खरकटे ह्यांच्या वासाने सर्वांत आधी येतात ती मोकाट कुत्री. आणि महाराष्ट्रात कुत्र्यांच्या मागोमाग कोण येते, ह्याचा लेखी पुरावा ह्याच कॅमेऱ्यांनी दिलेला आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील ज्या भागात अभयारण्य नाही, उसाची व भाजीपाल्याची शेते आहेत आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, अशा मुलखात कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस असल्याचे आढळले; शिवाय कोल्हे, रानमांजरे, जवादी मांजरे आणि इवलीशी वाघाटीही त्या चित्रांत होतीच. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक अभ्यासात तेथील बिबट्यांच्या अन्नापैकी वजनाने ८७ टक्के पाळीव जनावरांचे आणि त्यातही एकट्या कुत्र्यांचे ३९ टक्के असल्याचे दिसून आले. शेळ्यांपेक्षाही कुत्री अधिक. ह्यातून होणारा बोध सरळ आहे : परसात रोज रात्री मांसमिश्रित आमिष ठेवणारा गृहस्थ आपल्या दृष्टीने उदमांजर पाहत असतो, परंतु अंधारातील वासाच्या हिशेबाने तो कुत्र्यांना आणि कुत्र्यांमार्फत बिबट्याला दाराशी येण्याचे आवतण देत असतो. ह्याशिवाय एकाच ताटलीवर कुत्री, मांजरे आणि वन्य प्राणी तोंड घालू लागले की एकाचे रोग दुसऱ्यास जडण्याची सोय आपण आयती करून ठेवतो, ती निराळीच.

कायद्याचा मुद्दा ह्याहून अवघड आहे, आणि तो बहुसंख्य कॅमेराधारकांच्या गावीही नसतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ह्यात शिकारीची जी व्याख्या केलेली आहे, तीत मारणे, पकडणे, सापळा लावणे, हाकारणे ह्यांबरोबर वन्य प्राण्याला आमिष दाखवणे हेही स्पष्ट शब्दांत अंतर्भूत आहे, आणि तसा प्रयत्न करणेही. परसात केळे ठेवून छायाचित्र काढणाऱ्यावर उद्या वनखाते खटला भरील असे माझे म्हणणे नाही. विधिमंडळाच्या नजरेसमोर बंदूकवाला होता, कॅमेरावाला नव्हता, असा युक्तिवाद कोणीही वकील करील आणि तो काही अंशी खराही ठरेल. तथापि व्याख्येत हेतूप्रमाणे सूट लिहून ठेवलेली नाही, आणि आमिष व मृत्यू ह्यांचे सान्निध्य कायदा करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते, एवढे त्या शब्दयोजनेवरून उघड होते. माणसाच्या हातच्या अन्नाला सोकावलेले जनावर पुढच्या परसातही तितक्याच विश्वासाने जाते, आणि तेथे कॅमेराच असेल ह्याची हमी कोणी द्यावी?

मग करावे काय? माझे उत्तर असे की परसाला आमिषाची गरजच नाही, कारण परस हेच एक मोठे आमिष आहे. कोकणातील कोणतेही जुने घर घ्या : फेब्रुवारीपासून मेपर्यंत काजूच्या झाडांखाली बोंडांचा सडा, एप्रिल-मेमध्ये फुटून दरवळणारा बरका फणस, त्यापाठोपाठ जांभळे, जवळपास एखादा उंबर, मागे खताची गायरी व तीतल्या किड्या-अळ्या, कोंबड्यांचे खुराडे, त्यावर टपलेले मुंगूस, धान्याच्या कणग्या, त्यांच्यामागे उंदीर आणि उंदरांच्या मागे जवादी मांजर. ह्या अन्नाचे वेळापत्रक आपण ठरवलेले नसून ऋतूंनी ठरवलेले आहे आणि प्राणी त्याला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेले आहेत. तेव्हा नवी ताटली मांडण्याऐवजी आहे त्या ताटावर नजर ठेवणे हाच शहाणपणा. पडलेल्या फणसाकडे तोंड करून लावलेला कॅमेरा, पहिल्या रात्री कोण आले, कोणी गरे खाल्ले, आठळ्या कोणी पळवल्या, आणि चौथ्या दिवशी आंबलेल्या लगद्यावर कोण उरले, ह्याचा जो रोजनामा लिहितो, त्याची सर दुकानातून आणलेल्या केळ्यांना येणार नाही. फणसाचा मोसम सरला की मोर्चा गडग्याच्या खिंडाराकडे वळवावा. दगड ढासळून पडलेली ती वीतभर जागा हा परसाचा खरा सदर दरवाजा असतो. रानातून येणारी आणि रानात जाणारी बरीचशी मंडळी तेथूनच ये-जा करतात, आणि कॅमेरा त्या वाटेला किंचित तिरका बांधला तर जनावर पट्टे ओलांडतेही आणि चौकटीत पुरेसा वेळ राहतेही. साळिंदराची वाट तर इतकी ठरलेली असते की गवतात ती पायवाटेसारखी उठून दिसते. उन्हाळ्यात पाण्याच्या डोणीपाशी, आणि एरवी उदमांजर पुनःपुन्हा ज्या खडकावर वा ओंडक्यावर विष्ठा टाकते त्या जागेपाशीही उत्तम नोंदी मिळतात.

बांधणीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. उंची गुडघ्याएवढी, अंतर तीन-चार मीटर. ह्याहून जवळ लावल्यास अवरक्त दिव्याच्या झोताने जनावराचा चेहरा पांढराफटक होतो. तोंड उत्तरेकडे असावे, म्हणजे उगवता व मावळता सूर्य भिंगात घुसत नाही. समोरचे गवत आणि लोंबत्या फांद्या छाटाव्यात. पेन्सिल सेल स्वस्तातले घेऊ नयेत. पावसाळ्यात पेटीत ओलावा शोषणारी पुडी ठेवावी आणि झाकणाच्या फटीत मुंग्यांनी घर केले आहे का ते दर आठवड्याला पाहावे. तारीख-वेळ बिनचूक लावणे हे काम सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत अधिक वेळा विसरले जाणारे आहे. ज्या चित्रावरील तारीख खोटी, ते चित्र करमणुकीस ठीक, पुराव्यास निरुपयोगी. शेजाऱ्याच्या पाणंदीवर किंवा विहिरीच्या वाटेवर कॅमेऱ्याची नजर पडत असेल तर त्याला आधी विचारावे. पहाटे पाण्याला जाणारी बाई हा काही आपल्या अभ्यासाचा विषय नव्हे.

एक वेळ अशी येते की फणसावर पाळत ठेवलेली असताना कार्डावर बिबट्या निघतो. अशा वेळी घरोघरी छबी पाठवून गावात घबराट उडवणे आणि दुसऱ्या दिवशी पिंजरा लावावा म्हणून अर्ज करणे हा आपल्याकडचा शिरस्ता होऊन बसला आहे. त्या छायाचित्राची साक्ष किती मर्यादित आहे, हे येथवरच्या विवेचनावरून ध्यानात यावे : अमुक रात्री अमुक वाजता एक बिबट्या ह्या वाटेने गेला, एवढेच ते सांगते. जुन्नर परिसरात १९९३ ते २००१ ह्या काळात बिबट्यांचे माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चार होते. पकडलेले बिबटे नेऊन लगतच्या रानांत सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्यानंतर, २००१ ते २००३ ह्या वर्षांत, ती सरासरी सतरावर गेली. पिंजऱ्याची मागणी करणाऱ्याने हे आकडे अर्जाला जोडावेत. वनखात्याला खबर द्यावी, त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. परसातील खरकटे उचलावे, कोंबड्यांचे खुराडे भक्कम करावे, लहान मुलांना अंधार पडल्यावर एकटे बाहेर सोडू नये, कुत्रे घरात घ्यावे. कॅमेरा आहे तेथेच राहू द्यावा. तो बिबट्या परत येतो की नाही आणि आला तर किती दिवसांनी, हे कळणे आता कुतूहलाचे नव्हे, तर घरच्या गरजेचे काम झालेले असते. आणि एका कार्डावरील अशा नोंदी तारीखवार मांडून त्यांतून एखाद्या जनावराचा फेरा कसा ओळखावा, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.